लाथसाहेबाचा उजवा पाय

मंगळवार, २३ नोव्हेंबर १९३७. बॉयलरवरच्या गोऱ्या साहेबाची खोली रिकामी करायची होती, कारण गुरुवारी नवा फिटर यायचा होता आणि गळीत सुरू झाल्यावर साखर कारखान्यात खोली कुणासाठी थांबत नाही. मॅनेजरांनी काम माझ्यावर टाकलं. दवाखान्याची नर्स म्हणून नव्हे, तर त्याच्या वस्तूंची माहिती मलाच आहे म्हणून. माहिती असायला वस्तू तरी किती? एक पत्र्याची ट्रंक, दोन खाकी विजारी, इंदापूरच्या उन्हात कधीही न लागलेला एक लोकरी गळपट्टा, एक चामड्याचा चेंडू आणि दोरीला बांधलेली एक शिट्टी. मी पदर खोचला, केरसुणी घेतली आणि जळमटं काढायला लागले. काढता काढता मनात एवढंच आलं, की बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी ह्याच्याइतका हट्टी, ह्याच्याइतका सरळ आणि म्हणूनच ह्याच्याइतका ताप देणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. दोन वर्षं मी त्याच्या पायाची मलमपट्टी केली. मलमपट्टी कशाची, मी त्या पायाशी दोन वर्षं भांडले आणि हरले.

तो इंग्रज नव्हता. त्याला इंग्रज म्हटलेलं चालत नसे. एकदा ऑफिसातल्या नव्या कारकुनानं त्याला तसं म्हटलं, तर त्यानं त्या बिचाऱ्याला बॉयलरच्या राखेवर बसवून काडीनं विलायतेचा नकाशा काढून दाखवला. वरच्या अंगाला जिथं पाऊस हटत नाही आणि ऊन पाहुण्यासारखं येऊन जातं, तो स्कॉटलंड, आणि तिथला तो. गाड्यांचे मुकादम तात्या शेजारी विडी ओढत बसले होते. नकाशा पाहून ते म्हणाले, "समजलं. आमी जसं पुन्याचं न्हाय, तसं." साहेबाला हे इतकं पटलं की पुढं कुणी विचारलं तर तो हेच उत्तर देई.

तरुणपणी तो पोटासाठी फुटबॉल खेळत असे. म्हणजे दर शनिवारी लाथ मारायची आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या कारखान्याजवळच्या कळंब गावातल्या माणसांना ही गोष्ट सांगून खरी वाटायची नाही. तात्यांनी तर सरळ विचारलं होतं, "लाथा मारायचं पैसं मिळायचं, मग खायाचं किती?" साहेबानं विजार वर करून उजवी नडगी दाखवली आणि म्हणाला, "खायाचं हे." त्याचा बाप खेळायचा, चुलता खेळायचा, तिघे भाऊ खेळायचे, आणि बहीण जत्रेतल्या शर्यतीत पुरुषांच्या पुढं पळाली म्हणून तिला बक्षीस नाकारलं होतं. त्यांच्या घरात मूल चालायला लागलं की आई त्याचं तोंड कुणावर गेलंय ते बघत नसे, ते उजव्या पायाचं आहे की डाव्या पायाचं हे बघत असे. बाप म्हातारपणी पंच झाला. थोरल्या भावाच्या लग्नाच्या दिवशी गावात सामना झाला, त्यात ह्यानं मारलेला गोल बापानं रद्द केला आणि संध्याकाळी त्याच्याच शेजारी जेवायला बसला. "मग तुम्ही भांडला नाहीत?" असं मी विचारलं. साहेबाला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "कशापायी? गोल नव्हताच की त्यो."

हे मराठी त्यानं बॉयलरवर कोळसा टाकणाऱ्यांकडून उचललं होतं. पुस्तकी मराठी त्याला येत नसे आणि ते कुणी बोललं तर तो चेहरा कोरा करून बसे. पुण्याहून एक इंजिनियर सपत्नीक आले होते. त्या बाईंनी फार नाजूक इंग्रजीत त्याला विचारलं, की इथल्या खेड्यात आपल्याला करमतं का? साहेब घाम पुसत म्हणाला, "व्हय की बाई. न करमाया काय झालं? हितं बरं हाय." बाईंचा चहाचा कप तसाच हातात राहिला. तो साखरेच्या कारखान्यात राहून बिनसाखरेचा चहा पीत असे. सकाळी ज्वारीच्या कण्या मीठ घालून शिजवत असे आणि त्या उभ्यानं, येरझाऱ्या घालत खात असे. त्याच्या मुलखात म्हणे असंच काहीतरी उभ्यानंच खातात. आमचे गडी ते बघून हळहळत. ज्यानं बंगल्यावर कोंबडी खायची तो कण्या खातो, म्हणजे ह्याच्यावर फार मोठं संकट आलेलं असणार, असं त्यांचं मत होतं. त्याच्या दारात अधूनमधून कुणीतरी भाकरी-पिठलं झाकून ठेवून जाई.

त्याच्या वाटेत आलेली कोणतीही वस्तू जागेवर राहत नसे. दगड, डबा, उसाचं कांडं, काहीही. खोलीपासून बॉयलरपर्यंत तो एकच कांडं डाव्या पायानं ढकलत न्यायचा, माणसांच्या, बैलांच्या, गाड्यांच्या चाकांमधून, आणि ते कशालाही लागत नसे. एकदा त्यानं गळून पडलेलं कवठ पायाच्या चवड्यावर उचललं, गुडघ्यावर घेतलं, मानेवर थांबवलं आणि मग, स्वतःवर खूश होऊन, जोरात मारलं. ते मॅनेजरांच्या खिडकीतून आत गेलं. मॅनेजर बाहेर आले तेव्हा पळून न जाता हा तिथंच उभा राहिला होता, वर त्यांना सांगत होता, की खिडकी अमुक हात उजवीकडं असती तर कवठ भिंतीला लागलं असतं, तेव्हा चूक खिडकीची आहे. गड्यांनी त्याला लाटसाहेबाच्या चालीवर लाथसाहेब म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. त्याला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं.

माणसांची तोंडं त्याच्या लक्षात राहत नसत, पाय राहत. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रोग्यांकडं तो वाकून बघे आणि मला कानात सांगे, की त्या कोपऱ्यातल्याचे घोटे चांगले आहेत. एक दिवस मी औषधाच्या कपाटाशी उभी असताना म्हणाला, "बाई, तुमचा डावा पाय लई ब्येस हाय. तुमी बॅक झाला असता, गोलाम्होरं हुबा ऱ्हाऊन राखन करनारा." मी पंचेचाळिशीची विधवा बाई. मी त्याच्याकडं असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर पट्टी अर्धवट सोडून पळाला असता. हा शांतपणे बसून होता. त्यानं माझी तारीफ केली होती आणि ती खरी होती, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

त्याचा स्वतःचा उजवा पाय मात्र कामातून गेलेला होता. फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी बुटाचा खिळा नडगीत घुसला होता. जखम वरून मिटली, आत हाडात पू राहिला. खेळ सुटला, मग बॉयलरचं काम शिकून त्यानं बोटीवर नोकरी धरली, मुंबईला उतरला आणि होता होता आमच्या माळावर आला. नडगी दर दोन-तीन महिन्यांनी फुटायची. मी धुवायची, आयोडीन लावायची, पट्टी बांधायची. हे होईपर्यंत तो ओरडत नसे, बोलत असे. आणि बोलण्याचा विषय एकच, ऑफसाईड. माझ्या टेबलावरच्या बाटल्या मांडून त्यानं मला तो नियम शिकवला. टिंक्चरची बाटली गोलकीपर. एरंडेलाची बाटली बॅक. खोकल्याचं औषध म्हणजे आपला पुढचा गडी. चेंडू मारला त्या क्षणी खोकल्याच्या औषधापुढं समोरच्यांच्या निदान दोन बाटल्या हव्यात. एकटी टिंक्चर असेल तर गोल झाला तरी तो गोल नाही. मी सुरुवातीला हो हो करत होते. मग एक दिवस त्यानं एरंडेल चुकीच्या जागी ठेवलं आणि मी न बोलता ते सरकवलं. त्याला इतका आनंद झाला की पाय हलला आणि पुवाची वाटी माझ्या लुगड्यावर सांडली. त्या दिवसापासून दोन्ही तालुक्यांत ऑफसाईड कळणारी माणसं दोन झाली. ह्या विद्येचा मला काय उपयोग, असं मी त्याला ऐकवलंसुद्धा.

एवढ्यावर थांबला असता तर ठीक होतं, पण त्याला संघ काढायचा होता. कारखान्यामागच्या माळावर बांबू रोवले, कोळसेवाले, गाडीवान, पाटाचं पाणी सोडणारे पाटकरी असे गडी जमवले. पुण्याहून आणलेला चेंडू पहिल्याच संध्याकाळी बाभळीच्या काट्यावर बसला. मग त्यानं कोऱ्हाळ्याच्या एका मोट शिवणाऱ्या कारागिराला नवा चेंडू करायला सांगितलं. त्या माणसानं जन्मभर मोटा शिवलेल्या. त्यानं म्हशीचं जाड चामडं घेतलं, करंजीचं तेल पाजलं आणि असा चेंडू शिवला की त्यातून पाण्याचा थेंब बाहेर आला नसता. आत हवा भरायला तोंड ठेवायचं म्हटल्यावर त्यानं सवयीनं मोटेसारखी छोटी सोंड ठेवली. तो चेंडू वजनाला कलिंगडाएवढा होता आणि जमिनीवर आपटला की सोंड ज्या बाजूला असेल तिकडं जाई. पहिल्या आठवड्यात माझ्याकडं सुजलेल्या अंगठ्यांची रांग लागली. साहेब म्हणाला, ह्या चेंडूवर शिकले तर दुसरा कुठलाही चेंडू ह्यांना फुलासारखा वाटेल.

अंगठ्यांचं काही नव्हतं, ते बरे झाले. जे बरं झालं नाही ते निराळंच होतं. आपल्याकडं दुसऱ्याला पाय लागला की माणूस थांबतो, वाकतो, त्याला हात लावतो आणि तो हात कपाळाला नेतो. हे कुणी शिकवत नाही, ते हाताला ठाऊकच असतं. आता अकरा-अकरा माणसं एकमेकांच्या पायांत पाय घालून पळणार म्हटल्यावर काय होणार? पळता पळता पाय लागला की दोघेही थांबत. एक वाकून नमस्कार करी, दुसरा "असू दे, असू दे" म्हणे, आणि चेंडू आपल्या सोंडेच्या दिशेनं निघून जाई. त्यात निम्मे गडी एकमेकांचे मामा, भाचे, साडू. वयानं थोरल्याला लाथ लागली तर नमस्कार पुरा वाकून. साहेब शिट्टी वाजवून वाजवून लाल होई. काठी आपटून सांगे, की खेळात लाथ लागते, तिचं पाप नसतं. तात्या गोलमध्ये धोतर खोचून उभे असत. ते म्हणाले, "लागली म्हंजी लागली, साहेब. खेळ सपतुय तुमचा. आमाला फुडं गावात ऱ्हायचं हाय." दोन हंगाम गेले. बारामतीशी, इंदापूरशी सामने झाले आणि आमच्या संघानं एकही गोल केला नाही. संध्याकाळी तो माझ्यासमोर बाकावर येऊन बसे आणि म्हणे, "बाई, ही मानसं लई चांगली हायती. म्हनून काय व्हनार न्हाय ह्यांचं." तो गेल्यावर त्याचं हे वाक्य मला रोज आठवतं आणि दर वेळी मी ते त्याच्यावरच उलटवते.

ह्या वर्षी गणपतीनंतर नडगी फुटली ती मिटलीच नाही. मांडीच्या सांध्यात गाठ आली, रोज संध्याकाळी ताप. बारामतीहून आठवड्याला दोनदा येणारे डॉक्टर बघून गेले आणि बाहेर येऊन त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. पाय गुडघ्याच्या वरून कापायला हवा, पुण्याला, आणि लवकर. विष वर चढलं की मग काही उरत नाही. मी आत जाऊन त्याला तसंच सांगितलं. गोड बोलून सांगायची मला सवय नाही.

त्यानं पायावरची पट्टी सारखी केली. मग म्हणाला, "आमच्या घरात असं कुनी केलं न्हाय."

मी म्हटलं, तुमच्या घरात तुमच्याइतकं मूर्ख कुणी नसेल. लाकडी पाय मिळतो, नोकरी मॅनेजर ठेवतील, बॉयलर पायानं चालवत नाहीत. पाय राखाल तर जीव जाईल, मग दोन्ही पाय घेऊन काय करायचं? तीन दिवस मी हेच बोलत होते. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "बाई, दिवाळीत बारामतीला सामना हाय. आपल्या गड्यांचा एक गोल बघू द्या. गोल झाला की दुसऱ्या दिवशी पाय घ्या आन् जावा."

"आणि नाही झाला तर?"

"तवर थांबायचं."

असल्या माणसाशी काय बोलणार? डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत कसंबसं निभेल, त्यापुढं मी सांगत नाही. म्हणजे त्या माणसाचा जीव आता आमच्या संघाच्या एका गोलावर होता, आणि आमचा संघ काय होता ते मी वर लिहिलंच आहे. मी त्याच संध्याकाळी गाडीतळावर गेले. तात्या बैलांना वैरण टाकत होते. मी म्हटलं, "तात्या, बारामतीला एक गोल व्हायला पाहिजे."

"गोल काय औषीद हाय का, बाई?"

"हो. ह्या रोगावर आता तेवढंच औषध उरलंय." मग मी त्यांना सगळं सांगितलं. संघातला सर्वांत वेगवान गडी सोपान पाटकरी तिथंच होता. तो खाली बसला आणि म्हणाला, "मी मारला असता, बाई. पर मागल्या साली गोलच्या तोंडाशी माझा पाय त्यांच्या गोलकीपरला लागला. त्यो माझा चुलत सासरा हाय. मी कसा फुडं जानार?"

तात्यांनी पुष्कळ विचार केला. गावकीत ज्या गोष्टीवर तोड निघत नाही तिच्यावर करतात तसा. शेवटी म्हणाले, "असं करू. खेळाच्या आदीच सगळ्यांच्या पाया पडून घेऊ. दिवसभरात जेवढ्या लाथा लागतील त्या समद्या त्यात आल्या." मला हसू आलं नाही. त्या महिन्यात मी ऐकलेली ती एकच शहाणी गोष्ट होती.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी आम्ही कारखान्याच्या लॉरीतून बारामतीला गेलो. साहेब पुढं ड्रायव्हरशेजारी, पाय लांब करून. दोन्ही बाजूंचा पंच तोच, कारण नियम त्यालाच येत होते आणि तो खोटं करणार नाही ह्याची बारामतीकरांनाही खात्री होती. काठी टेकत, एका अंगानं लंगडत तो कडेच्या रेघेवरून चालणार होता. मी पट्ट्यांची पेटी घेऊन तिथंच रेघेजवळ बसले. माणूस पुष्कळ जमलं होतं. साहेबानं शिट्टी तोंडात घेतली आणि आमचे गडी खेळायचं सोडून ओळीनं बारामतीकरांच्या पाया पडायला निघाले. बारामतीकर गोंधळले. कारण कळल्यावर त्यांना ते पटलं आणि मग आपणही पडायला हवं असं त्यांचं ठरलं. मग कोण वयानं थोर, कुणी कुणाच्या आधी पडायचं, ह्याची चर्चा. सोपान चुलत सासऱ्याच्या पाया पडला, त्यांनी त्याला उठवून दिवाळसणाला घरी का आला नाहीस म्हणून विचारलं. साहेब तोंडात शिट्टी तशीच धरून उभा होता. सगळं संपलं तेव्हा उन्हं तिरपी झाली होती.

पण त्यानंतर आमचे लोक खेळले. मी खेळातली जाणकार नाही, तरी मला दिसत होतं. पाय लागत होते, माणसं पडत होती, उठून पळत होती, वाकत कुणी नव्हतं. साहेब रेघेवरून चालत होता आणि त्याचं तोंड असं झालं होतं, की मला तिकडं बघवेना. विजारीच्या पायावर ओलसर डाग पसरत होता, तोही मला दिसत होता. बारामतीकरांनी दोन गोल केले होते, त्याचं आम्हाला काही नव्हतं. शेवटी शेवटी तात्यांनी आपल्या गोलमधून चेंडू जो हाणला तो मैदानाच्या मध्यावर आला, तिथं आमच्या एका कोळसेवाल्यानं तो पुढं मारला, आणि सोपान धावत सुटला. एकटाच. चुलत सासरे पुढं आले, सोपाननं त्यांना बगल दिली, आणि चेंडू बांबूंच्या मधून गेला. असा आरडाओरडा झाला की झाडावरचे कावळे उठले. तात्या धोतर सावरत अख्खं मैदान पळत आले.

मी मात्र जागेवरून हलले नाही. कोळसेवाल्यानं चेंडू मारला त्या क्षणी मी बघत होते. सोपानच्या पुढं त्या क्षणी एकटे चुलत सासरे होते. टिंक्चर होतं, एरंडेल मागं राहिलं होतं. तेवढ्या माणसांत हे फक्त दोघांना कळलं होतं. मी देवाधर्माची बाई नव्हे, पण मनात म्हटलं, हा माणूस तापानं अर्धा आंधळा झालेला असू दे.

शिट्टी वाजली. साहेबानं काठी आडवी धरली आणि मान हलवली.

सोपान मटकन खाली बसला. आमच्या गड्यांना आधी काही समजलं नाही. समजल्यावर कुणी रागावलं नाही, सगळे नुसते साहेबाच्या पायाकडं बघत राहिले. पायाची गोष्ट सोपाननं त्यांना सांगितली असावी, कारण चुलत सासरे पुढं आले. वयस्क माणूस, पागोटं काढून हातात घेतलं होतं. म्हणाले, "साहेब, आमची तक्रार न्हाय. जावई हाय आमचा. घ्या की येक." त्यांच्यामागं उभे असलेले त्यांचे गडीही माना हलवायला लागले. साहेबानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "गोल न्हाय त्यो, आबा." मग खेळ पुढं सुरू केला. त्यानंतर काही झालं नाही.

परतताना मी लॉरीत त्याच्या शेजारी बसले होते. भिगवणचा रस्ता सोडून आम्ही कळंबकडं वळेपर्यंत मी पेटीतल्या पट्ट्या पुन्हा पुन्हा गुंडाळत होते. शेवटी राहवेना. म्हटलं, "साहेब, तिथं कुणाला कळलं नसतं."

तो बाहेर उसाकडं बघत होता. म्हणाला, "तुमाला कळलं असतं."

बाटल्या माझ्याच टेबलावर मांडल्या होत्या.

पुढचं लवकर झालं. त्यानं बोली पाळली. गोल झाला नव्हता, तेव्हा पाय द्यायचा प्रश्न नव्हता. आणखी एक सामना ठरवा म्हणाला. इंदापूरला निरोप गेला, ते तयार झाले, पण त्याच आठवड्यात ताप उतरायचा थांबला आणि तो बरळायला लागला. तेव्हा त्याला न विचारता आम्ही त्याला लॉरीत घातलं आणि बारामतीच्या स्टेशनावर नेलं. पुण्यापर्यंत तात्या आणि सोपान बरोबर जाणार होते. मी दवाखाना सोडून जाऊ शकत नव्हते. गावातल्या एका गरोदर बाईचे दिवस भरले होते. गाडीच्या डब्यात त्याला चढवताना मी पायाकडची बाजू धरली होती. कुठं धक्का बसला कुणास ठाऊक, त्याचा तो उजवा पाय माझ्या छातीला लागला. त्याचे डोळे उघडले. इतक्या दिवसांत मला ओळखलं नव्हतं, त्या वेळी ओळखलं. बाकावर टेकल्यावर त्यानं हात लांब केला, माझ्या मनगटाला लावला, आणि फार कष्टानं तो हात स्वतःच्या कपाळाला नेला. "पाय लागला, बाई," म्हणाला.

दोन हंगाम ज्यानं ह्याच एका गोष्टीपायी शिट्टी फुंकून आमचे कान किटवले, तो. मी म्हटलं, "असू दे, असू दे." गाडी सुटली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता कापून उपयोग नाही. शनिवारी तो गेला. दोन्ही पाय घेऊन गेला. तिथंच त्याच्या धर्माच्या जागेत त्याला पुरलं. तात्यांनी परत येऊन सांगितलं, की कुणी काही म्हणायच्या आत सोपाननं आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. घरच्यांना कळवायचं काम मॅनेजरांनी केलं. त्याच्या बहिणीला ही बातमी कुठं आणि कशी कळेल, हा विचार मी केला आणि सोडून दिला. माझ्या हातात त्यातलं काही नव्हतं.

तर खोली झाडून झाली. विजारी आणि गळपट्टा ट्रंकेत घातला, कण्यांचं मडकं धुऊन पालथं घातलं. चेंडू आणि शिट्टी कुठं ठेवावी हे ठरत नव्हतं, तेवढ्यात दारात तात्या आणि सोपान उभे राहिले. आत यायला तयार नव्हते. तात्या म्हणाले, "चेंडू न्यावा म्हनतो, बाई. पोरं माळावर जायाचं म्हनत्यात." मी चेंडू दिला. ते गेले नाहीत. सोपान उंबऱ्याकडं बघत म्हणाला, "पर पंच कोन? ते ऑफसाईड का काय, आमाला न्हाय समजत. साहेब म्हनायचा, बाईला समजतं." मी म्हटलं, मला दवाखाना आहे, रोगी आहेत, ह्या वयात मी माळावर उभी राहून शिट्ट्या फुंकू का? "व्हय, त्ये बी खरं," असं म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले. पट्ट्या उकळायला चुलीवर ठेवल्या, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या रखमाला लक्ष ठेवायला सांगितलं, शिट्टीची दोरी गळ्यात अडकवून ती पदराखाली घेतली आणि कारखान्यामागच्या माळावर गेले. तात्या गोलमध्ये जाऊन उभे राहिले. मी रेघेवर, तो उभा राहायचा तिथं, उभी राहिले आणि शिट्टी वाजवली. सोपान पळत सुटला, एका कोळसेवाल्याच्या पायात त्याचा पाय गेला, आणि दोघेही थांबले. सोपान वाकला, हात लावून कपाळाला नेला. चेंडू सोंडेच्या दिशेनं लांब गेला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी शिट्टी तोंडात धरून उभी राहिले. त्यांचा नमस्कार पुरा होऊ दिला, आणि मग वाजवली.